ऐरणीवरचं देवगिरी

वाल्मीक दुसाने मूळचा सिन्नरचा. बारा वर्षांचा होता तेव्हा बापाने त्याला नाशिकला आणून सराफ बाजारातल्या एका बोळात, जिन्याखालच्या जागेत ऐरणीपुढे बसवलं, आणि तिथून तो उठला तो म्हातारा होऊनच. दुकानाला पाटी नव्हती, काचेचं कपाट नव्हतं. मंगळसूत्र घ्यायला त्याच्याकडे कोणी येत नसे. लोक यायचे ते टाक करून घ्यायला. खंडोबा, भवानी, म्हसोबा, ज्याचा जो देव असेल तो सोन्याचांदीच्या पत्र्यावर उठवून द्यायचा, हा त्याचा धंदा. आणि त्यात त्याचा हात असा, की बाजारातले मोठमोठे सराफसुद्धा टाकाचं गिऱ्हाईक आलं की निमूट बोळाकडे बोट दाखवायचे.

त्यातही वीराचा टाक म्हटला की वाल्मीकशेठच. आता वीर म्हणजे काय हे नाशिकच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यासाठी सांगतो. घरातला कोणी अकाली गेला, पाण्यात बुडाला, झाडावरून पडला, लग्नाआधीच संपला, की त्याचा वीर होतो. त्याचा टाक करून देव्हाऱ्यात ठेवतात आणि धूलिवंदनाला वाजतगाजत गोदावरीवर नेऊन त्याला आंघोळ घालतात. बापाने मेलेल्या पोराचा टाक हातात घेऊन नाचायचं, ही आमची होळी.

वाल्मीकशेठच्या घराण्यात या टाकांचे दोन नियम होते. पहिला, आणलेलं सोनं वितळवायचं नाही. घरच्यांनी दिलेला सोन्याचा डाग तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा आणि त्याचाच पत्रा काढायचा. दुसरा, टाक पुरा होईपर्यंत घरच्यांनी समोर बसून राहायचं. याला लोक श्रद्धा म्हणायचे. खरं सांगायचं तर सोनारावर कोणाचा भरवसा नसतो, हे त्यातलं अर्धं कारण.

आणि या ठोकून करायच्या कामाला सगळ्यात सोयीचं काय, तर जुनी पुतळी, म्हणजे सोन्याचं जुनं नाणं. शेतात नांगराला लागलेली, आजीच्या गाठोड्यात निघालेली. वाल्मीकशेठ तिला कमळपुतळी म्हणायचा. जरा खोलगट, मागून कोरी, पुढून मधोमध कमळ आणि भोवताली बारीक ठसे. सोनं इतकं मऊ की हातोडीचा नुसता वास लागला की पसरायचं. वर्षाकाठी एखादी तरी यायची. आली की तो खूश. गिऱ्हाईकाला म्हणायचा, नशीब काढलं तुमच्या देवाने, चांगलं सोनं आणलंत.

हे असं चाळीस वर्षं चाललं. मग १९९६च्या दिवाळीनंतर मोहिनी नावाची एक मुलगी दुकानाच्या पायरीवर येऊन बसली.

ती जुन्या नाण्यांचा अभ्यास करत होती. खांद्याला झोळी, झोळीत भिंग आणि वह्या. बोळातल्या प्रत्येक सोनाराला विचारत विचारत ती इथवर आली होती. तिने वहीतलं एक चित्र पुढे धरलं आणि विचारलं, "काका, असं नाणं कधी पाहिलंत का?"

वाल्मीकशेठ हसला. "पाहिलं? अगं, तीसएक तर मी स्वतः ठोकलीत. कमळपुतळी ती. टाकाला तिच्यासारखं सोनं नाही."

मोहिनीने वही मिटली. मग म्हणाली, "काका, तुम्ही काय ठोकत होतात ते सांगू का?"

आणि तिने सांगितलं. देवगिरी म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला. शाळेच्या सहलीत आपण तिथे जातो, भुयारात ओरडतो, वर चढून डबे खातो आणि घरी येतो. ती यादवांची राजधानी होती. त्याआधी त्यांचं बस्तान सिन्नरला. वाल्मीकशेठ लहानपणी ज्या गोंदेश्वराच्या आवारात गोट्या खेळला, तेही यादवांच्याच काळातलं. १२९६ साली खिलजी आला आणि देवगिरीचं सोनं मणांनी घेऊन गेला. पुढच्या वीसबावीस वर्षांत राज्यही गेलं. शेवटच्या हरपाळदेवाला हाल हाल करून मारलं, आणि काही काळाने शहराचं नावसुद्धा बदलून टाकलं.

"त्यांचं हातात धरता येईल असं आता काय राहिलंय?" मोहिनी म्हणाली. "वाडे नाहीत, दप्तरं नाहीत. सोन्याची ही फुलं तेवढी राहिलीत, आणि त्यांवर राजाचं नाव असतं. खिलजीने नेली ती वितळली. ज्या लोकांनी भिऊन जमिनीत पुरली, त्यांची वाचली."

"आणि वाचली ती माझ्याकडे आली," वाल्मीकशेठ म्हणाला.

मुलीने नाही म्हटलं नाही. निदान तोंडदेखलं तरी म्हणायचं. पण अभ्यास करणाऱ्या माणसांना ते जमत नाही.

त्या दुपारी वाल्मीकशेठ जेवायला घरी गेला तो पानावर नुसता बसून राहिला. बायकोने, सखुबाईने विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "खिलजी एकदाच आला गं. मी चाळीस वर्षं रोज दुकान उघडलं." तिला काही कळलं नाही. तिला एवढंच कळलं की भाकरीला हात लागलेला नाही.

तेव्हापासून त्याने मनाशी पक्कं केलं. झालं ते झालं, पण आता जी कमळपुतळी येईल ती ठोकायची नाही. काहीही करून वाचवायची आणि मोहिनीच्या हातात द्यायची. एक तरी. मोहिनी अधूनमधून यायची, भिंग दाखवायची, वहीतली अक्षरं वाचायला शिकवायची. साठीला आलेला हा माणूस ऐरणीशेजारी पाटी घेऊन सातशे वर्षांपूर्वीचा श्री गिरवायचा. बोळातले लोक म्हणायचे, वाल्मीकशेठला म्हातारचळ लागला. चेष्टा करायचे, पण प्रेमाने करायचे. तेव्हा प्रेम होतं.

होळी तीन आठवड्यांवर आली तेव्हा दिंडोरीकडच्या एका गावातून पुंजा आणि त्याची बायको साळूबाई आली. द्राक्षवाली माणसं, दोन एकर बाग. त्यांचा संतोष, वय वर्षं एकवीस, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला होता. त्याला जाऊन सहा महिने झाले होते. साळूबाईने पदराची गाठ सोडली आणि नाणं वाल्मीकशेठच्या तळहातावर ठेवलं.

कमळपुतळी.

भिंग काढून वाल्मीकशेठने पाहिलं. मधे कमळ, एका अंगाला शंख, दोन श्री आणि खाली नाव. नावाची दोन अक्षरं लागली, 'आ' आणि 'म'. तिसरं मळाने भरलेलं होतं. मोहिनीच्या वहीत हे नाव नव्हतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

"कुठे सापडलं?" त्याने विचारलं.

"बागेला खांब रोवताना संतोषलाच सापडलं," पुंजा म्हणाला. "त्याच्या पेटीत ठेवलेलं व्हतं. त्याचा वीर ह्याच सोन्याचा करायचा हाय, शेठ."

इथे वाल्मीकशेठ खोटं बोलला. म्हणाला, आज दिवस बरा नाही, उद्या या, मुहूर्ताने करू. ती दोघं नाणं घेऊन पंचवटीत धर्मशाळेत उतरली आणि हा एसटीडीच्या बूथवर धावला. मोहिनीला म्हणाला, उद्या सकाळी ये, तुझ्या वहीत नाही असं आलंय.

दुसऱ्या दिवशी मोहिनी आली, पण कॅमेरा घरी विसरून. तिने नाणं भिंगाखाली धरलं. "आम्मण," ती म्हणाली. "असू शकेल, काका. रामदेवरायाच्या आधी त्याचा चुलतभाऊ थोडे दिवस गादीवर होता. रामदेवाने त्याला ओढून काढला. त्याच्या नावाचं नाणं मी तरी पाहिलेलं नाही. तिसरं अक्षर लागलं तर सांगता येईल."

पुंजा समोर बसला होता. त्याला यातलं काही समजलं नाही, पण एक समजलं, की ह्या दोघांचे डोळे आपल्या सोन्यावर आहेत.

इथे वाल्मीकशेठने आयुष्यातली मोठी चूक केली. सोनार असून त्याने गिऱ्हाईकाला खरं सांगितलं. म्हणाला, "पुंजाभाऊ, हे साधं सोनं नाही. हे ठोकायचं पाप माझ्या हातून नको. याच्या दुप्पट वजनाचं चोख सोनं मी देतो, त्याचा टाक करून देतो, घडणावळही नको. हे मात्र असंच राहू द्या." आणि खिशातून त्याने सखुबाईची बोरमाळ काढून समोर ठेवली. तिने सकाळी गळ्यातून काढून दिली होती. नवरा जेवेनासा झाला की बायका गळ्यातलंही देतात.

पुंजाने बोरमाळेकडे पाहिलं, मग वाल्मीकशेठकडे पाहिलं. "शेठ," तो सावकाश म्हणाला, "सोनार दुप्पट देतोय म्हंजे माल दहापट असंल."

बरोबरच होतं त्याचं. मी तिथे असतो तर मीही हेच म्हटलं असतं. जन्मभर ज्याने गूळ विकला तो एक दिवस फुकट गूळ वाटायला लागला, तर कोणीही आधी गुळाचा वासच घेईल.

मोहिनीला वाटलं आपण मधे पडावं. ती म्हणाली, "अहो दादा, घाबरू नका. असं पुरलेलं काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं असतं. कायदाच आहे तसा. त्याचा मोबदलाही मिळतो." तिने भलं करायला सांगितलं. पुंजाच्या कानात शिरलं ते एकच, कलेक्टर. म्हणजे पोलीस, म्हणजे पंचनामा, म्हणजे बागेत खणाखण आणि गावभर हंडा सापडल्याची बोंब. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"आत्ता ठोका," तो म्हणाला. "माझ्यासमोर. न्हायतर द्या, दुसरा सोनार बघतो, तो एका फुंकेत गोळा करील."

एवढ्यात दोन शेजारचे सोनार पायरीशी येऊन उभे राहिले होते, त्यांच्यामागे आणखी चार. वाल्मीकशेठ हात जोडून म्हणाला, "निदान एक तास द्या. ही मुलगी कॅमेरा घेऊन येते. एक फोटो काढू आणि मग ठोकतो, देवाशपथ."

"फोटो नाय," पुंजा म्हणाला. "फोटो गेला की मागून माणसं येत्यात."

वाल्मीकशेठने शेवटचं म्हणून साळूबाईकडे पाहिलं. तिला राग आलेला नव्हता, हेच वाईट. ती म्हणाली, "शेठ, तुमचं राजाबिजाचं मला नाय कळत. माझ्या पोराच्या हाताला लागलेलं एवढंच सोनं हाय. त्यानं ते पुसून पुसून ठिवलं व्हतं. बाजारातल्या सोन्यात तो कसा यील? तुम्हीच सांगा."

काय सांगणार? हा नियम तर त्याच्याच घराण्याचा होता. चाळीस वर्षं त्यानेच शेकडो आयांना हेच सांगितलं होतं, की घरचं सोनं असलं तरच वीर येतो. आता एका आईला तो कोणत्या तोंडाने म्हणणार, की ते सगळं खोटं आणि ही तीन अक्षरं खरी? मोहिनी उठली आणि बोळाबाहेर निघून गेली. तिला बघवलं नसतं. वाल्मीकशेठला जायची सोय नव्हती.

त्याने शेगडी पेटवली. चिमट्यात नाणं धरून आचेवर धरलं. सोनं लाल व्हायला लागलं, सातशे वर्षांचा मळ जळून गेला आणि तिसरं अक्षर उघडं पडलं. 'ण'. लख्ख, शाळेच्या फळ्यावर लिहिल्यासारखं. वाल्मीकशेठने ते वाचलं. आ, म, ण. मग नाणं ऐरणीवर ठेवलं, आणि सहा माणसं, एक बाप आणि एक आई बघत असताना पहिला घाव घातला.

मऊच होतं सोनं. शंख आधी गेला, मग श्री. नाव खालच्या कडेला होतं, ते सगळ्यात शेवटी गेलं. त्याने मुद्दाम तसं ठोकलं का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दुपारपर्यंत पत्रा झाला, संध्याकाळी त्यावर घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला वीर उठला. साळूबाईने टाक दोन्ही हातांत घेतला, गालाला लावला आणि म्हणाली, "आला." मग ती रडली. पुंजाने घडणावळ मोजून दिली आणि नमस्कार न करता गेला.

दोन दिवसांनी मोहिनी आली. वाल्मीकशेठ घाईघाईने तिला म्हणाला, "तिसरं अक्षर ण होतं. मी डोळ्यांनी वाचलं. आम्मणच. लिही तू."

मोहिनी म्हणाली, "काका, तुम्ही वाचलंत हे मी कुठे लिहू? नाणं लागतं, निदान फोटो तरी. एका सोनाराने तापवताना पाहिलं, याला पुरावा म्हणत नाहीत." मग म्हणाली, "मी कॅमेरा आणायला हवा होता." हे खरं होतं, पण ते ऐकून त्याला बरं वाटलं नाही. नंतर ती फारशी आली नाही. कोणाला दोष द्यायचा? तिलाही ऐरणीकडे बघवत नसावं.

बाजाराने मात्र दोष द्यायला वेळ लावला नाही. वाल्मीक दुसाने मेलेल्या पोराचं सोनं बदलायला निघाला होता, हे धूलिवंदनाच्या आत बोळाबोळात झालं. बायकोची माळ दाखवून भुलवत होता, अभ्यासाच्या नावाखाली एक पोरगीही बसवली होती सामील. ज्या सहा जणांनी डोळ्यांनी पाहिलं, तेच मीठमसाला लावून सांगत होते. कमाल आहे माणसांची. ज्याने जन्मात एकदाच लोभ सोडला, त्याला त्याच दिवसापासून लोभी म्हणायला लागले. वीराचे टाक दुसरीकडे जायला लागले. सखुबाईला हळदीकुंकवाला बोलावणं येईना. बोरमाळ तिने पुन्हा गळ्यात घातली नाही. कपाटात ठेवली ती ठेवलीच.

वाल्मीकशेठचं एकच समाधान होतं, आणि ते तो कोणाला सांगत नसे. माणूस एकच नाणं जमिनीत कधी पुरत नाही. संतोषला एक सापडलं म्हणजे त्या बागेत आणखी असणार. पुंजा आता भीतीने तिथे खणणार नाही. म्हणजे ती मातीत आहेत तोवर सुखरूप आहेत. आज ना उद्या शहाणं कोणीतरी येईल, मोहिनीसारखं, कॅमेरा घेऊन, आणि आम्मणाचं नाव लागेल. या आशेवर तो पाच वर्षं जगला. माणसाला जगायला एवढंही पुरतं.

२००२च्या मार्चमध्ये साळूबाई आली. एकटीच. केस पांढरे झाले होते. पायरीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "शेठ, तवा आमचं चुकलं. तुम्ही चोर नव्हता. मला तवाच कळत व्हतं, पण ह्यांच्याफुडं बोलता येत नव्हतं."

पाच वर्षांत हे त्याला कोणी म्हटलं नव्हतं. तो चहा सांगायला उठणार, तेवढ्यात तिने पिशवीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढून ऐरणीवर ठेवलं.

"आमच्या पोरीचं, पूजाचं लगीन ठरलंय. तिला बांगड्या करा. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोनाला द्यायचं नाय, असं मी ठरवलं."

त्याने फडकं सोडलं. आत सोन्याचा ओबडधोबड गोळा होता, कडेला राख चिकटलेली.

"हे कुठून?"

"त्याच खड्ड्यातून," साळूबाई म्हणाली. "त्या दिशी घरी गेल्यावर ह्यानी खणलं. न्हायतर कशाला खणलं असतं? पर तुम्हीच म्हणला ना, लय मोलाचं हाय. छोटं गाडगं निघालं. तेवीस व्हत्या, अगदी संतोषच्या पुतळीवानी. तुमच्याकडं आणायच्या तर ती बाई कलेक्टरला सांगणार. म्हणून ह्यानी दारं लावून चुलीवरच वितळवल्या. तवापासून कनगीत पडून हाय."

वाल्मीकशेठ गोळ्याकडे बघत राहिला. तोंड न उघडता, दुप्पट सोनं पुढे न करता त्याने त्या दिवशी मुकाट्याने टाक ठोकून दिला असता, तर ही तेवीस अजून जमिनीत असती. त्याने एक वाचवायला हात घातला आणि चोवीस घालवली.

त्याने विचारलं, "साळूबाई, त्यांवर कमळाच्या खाली अक्षरं होती का?"

"व्हती की. समद्यांवर व्हती."

"तीन?"

"कोनावर तीन, कोनावर जास्ती. येगयेगळी व्हती." ती आठवायला लागली, बोटाने हवेत काहीतरी काढायला गेली आणि मधेच थांबली. "पर मला कुठं वाचता येतं, शेठ?"

वाल्मीकशेठने गोळा उचलून कसोटीच्या दगडावर ओढला. पिवळीधमक रेघ उमटली. त्याने ती अंगठ्याने पुसली.

"सोनं चांगलं आहे," तो म्हणाला. "पोरीच्या हाताचं माप आणलंय का?"